फ्रिजच्या पाठीवरचं स्टिकर

आज फ्रिज बंद पडला. मेकॅनिकने तो ओढून बाहेर काढला तेव्हा कॉम्प्रेसरजवळच्या धुळीत एक स्टिकर दिसलं: आर-६००ए. "फ्रिज थंड करणारा गॅस, आयसोब्युटेन आहे, पेट घेतो, जपून काम करावं लागतं. पूर्वी आर-१२ असायचा, तो आता मिळतच नाही," तो म्हणाला.

का मिळत नाही, याचं उत्तर १६ सप्टेंबर १९८७ च्या माँट्रियल करारात आहे. आर-१२ म्हणजे सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) प्रकारचा गॅस, ओझोनचा थर खाणारा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने देशांना एकत्र बसवलं खरं, पण माझ्या मते मेख दोन तरतुदींत होती. करारात नसलेल्यांशी या रसायनांचा व्यापार बंद; आणि विकसनशील देशांना जास्त मुदत, शिवाय कारखाने बदलायला बहुपक्षीय निधीतून पैसे. नुसता उपदेश केला असता तर कोण ऐकणार होतं?

हवामान बदलावरच्या २०१५ च्या पॅरिस करारात मात्र प्रत्येक देश आपलं लक्ष्य आपणच ठरवतो, आणि ते हुकलं तरी दंड नाही. (तुलना थोडी अन्यायाची आहे, मान्य. सीएफसी मोजक्या कंपन्या बनवायच्या. कोळसा नि तेल सगळ्यांनाच लागतं.) आणि सीएफसीनंतर वापरात आलेले एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) गॅस ओझोनला निरुपद्रवी, पण पृथ्वी तापवणारे निघाले! म्हणून त्यांनाही आवर घालायला २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत पुन्हा बसावं लागलं.

हे सगळं मी मेकॅनिकला उत्साहाने ऐकवलं. तो शांतपणे स्क्रू आवळत होता. गॅस ठीकच होता, थर्मोस्टॅट गेला होता.