आवाजाला कात्री लावताना

सॅम्पलर हे संगीताचे सॉफ्टवेअर शिकायला बसणारा माणूस गाणे करण्याच्या उमेदीने बसतो आणि प्रत्यक्षात त्याचा बहुतेक वेळ एका आवाजाची दोन्ही टोके कापण्यात जातो. पडद्यावर बटणांची कितीही गर्दी असली, तरी मूळ काम साधे आहे. ध्वनिमुद्रित केलेला एखादा आवाज, मग तो व्हायोलिनचा असो की धाडकन लावलेल्या ड्रॉवरचा, कीबोर्डच्या पट्ट्यांवर बसवायचा आणि वाद्यासारखा वाजवायचा. सॉफ्टवेअरसोबत तयार आवाजांचे भांडार मिळते. पण शिकायचे असेल, तर ते काही काळ उघडूच नये, असे माझे मत आहे.

मी सरावासाठी काचेच्या पेल्यावर चमचा मारून तो आवाज मुद्रित केला. पडद्यावर त्याची आकृती उमटते, तेव्हा डावीकडे जवळजवळ सरळ उभा सुळका दिसतो आणि त्यानंतर उजवीकडे निमुळती होत जाणारी लांब शेपटी. सुरुवातीची खूण माऊसने किंचित पुढे सरकवून तो सुळका वगळला की पेला नाहीसा होतो. उरतो तो एक मऊ गुंजारव, जो एखाद्या सुषिर वाद्याचा म्हणूनही खपून जावा. काच आणि धातू यांची टक्कर झाल्याची सगळी साक्ष त्या पहिल्या निमिषात असते आणि आपला कान आवाजाची ओळख बव्हंशी तिथेच पटवून घेतो. फ्रान्समध्ये ध्वनिमुद्रणांतून संगीत घडवणारे प्येर शेफर यांनी १९४८ मध्ये घंटेच्या नादातून टोल्याचा क्षण काढून टाकला, तेव्हा त्यांनाही घंटेऐवजी ओबो या सुषिर वाद्यासारखा सूर ऐकू आला होता. त्या काळी तबकड्यांवर करावा लागलेला हा खटाटोप आज माऊसच्या एका हालचालीत होतो, आणि म्हणूनच त्याचे नवल वाटेनासे होण्याचा धोकाही आहे.

कापण्याची जागाही नीट निवडावी लागते. लहर मधल्या शून्यरेषेला छेदते तिथे काप दिला, तर जोड सहसा कळत नाही. लहर वर किंवा खाली असताना दिला, तर ‘टक्’ असा खडा लागतो. लांब सूर टिकवण्यासाठी त्याचा एक तुकडा पुन्हापुन्हा फिरवायचा असतो, म्हणजे लूप करायचा असतो, तेव्हा हा खडा प्रत्येक फेरीला लागतो आणि डोके उठवतो.

मग सुराच्या उंचीचा प्रश्न येतो. साध्या पद्धतीत आवाज एक सप्तक वर नेला की तो दुप्पट वेगाने वाजतो आणि निम्म्या वेळात संपतो. माणसाचा आवाज असेल, तर व्यंगचित्रपटातली खार बोलू लागते. म्हणूनच चांगल्या सॅम्पल-पियानोत एकच सूर सगळीकडे ताणलेला नसतो, तर दर दोन-तीन स्वरांना नवे मुद्रण असते. पण ताणल्याने येणारी खरबरीत मजाही काही कमी नाही. १९८७ मध्ये आलेल्या एसपी-१२०० या सॅम्पलर यंत्रात जेमतेम १० सेकंदांचे मुद्रण मावत असे, म्हणून लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ फेऱ्यांवर वाजवून घाईघाईने भरून घेत आणि यंत्रात पुन्हा मंद करत. त्यातून निघालेला भरड पोत पुढे हिप-हॉपच्या एका काळाची ओळख ठरला, आणि आता तोच पोत आणण्यासाठी भरपूर स्मृती असलेल्या संगणकावर मुद्दाम खटपट केली जाते.

मला सगळ्यात जास्त वेळ लागतो आहे तो एकसुरीपणा घालवायला. एकच ठोका भराभर वाजवला की तो मशीनगनसारखा ऐकू येतो, कारण कोणत्याही वादकाचे दोन आघात तंतोतंत सारखे नसतात. त्यावर उपाय म्हणजे तोच ठोका हलका, मध्यम, जोरकस असा वेगवेगळ्या जोराने मुद्रित करायचा, प्रत्येक जोराचे काही पर्याय घ्यायचे आणि सॅम्पलरला ते आलटून पालटून वाजवायला सांगायचे. सुराची उंची आपोआप थोडी मागेपुढे हलवणारे बटणही असते. परंतु त्याने आणलेले वेगळेपण सुराचेच असते, हाताचे नसते, तेव्हा कंटाळा आला तरी चमचा पुन्हा हातात घेतलेला बरा.