यब्बोकचा उतार आणि दोन भावांची भेट

अम्मानहून सॉल्टमार्गे अल-आर्दाच्या घाटाने खाली उतरायला लागलं की कानांना दडे बसतात. सॉल्ट समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आणि जॉर्डन खोऱ्यातलं देईर अल्ला समुद्रसपाटीच्याही २०० मीटरहून जास्त खाली. वर अंगात स्वेटर असतो, खाली केळीच्या बागा आणि प्लास्टिकची हरितगृहं दिसतात. धाकट्या याकोबाने आंधळा बाप इसहाक याला फसवून थोरल्या एसावाला मिळायचा आशीर्वाद पळवला आणि तो घर सोडून पळाला. या जुळ्या भावांची वीस वर्षांनी झालेली भेट बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ३२-३३व्या अध्यायांत आहे. ती समजून घ्यायची असेल तर याच मुलुखात यावं. जेरुसलेमला जाणारे बहुतेक प्रवासी इकडे वळत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यब्बोक म्हणजे आजची झर्का नदी. ती अम्मानजवळ उगम पावते, आधी ईशान्येला जाते, मग वळसा घेऊन पश्चिमेला येते आणि दामियाजवळ जॉर्डन नदीला मिळते. देईर अल्लापासून पूर्वेला सरळ रेषेत सातेक किलोमीटरवर नदी दोन टेकड्यांमधून नागमोडी वळते. त्या टेकड्यांना तुलुल अझ-झहब, म्हणजे सोन्याच्या टेकड्या म्हणतात. पनीएल आणि महनाईम ही याकोबाच्या या प्रवासातली बायबलमधली ठिकाणं इथलीच, असं बरेच अभ्यासक मानतात, पण कोणती टेकडी कोणती यावर एकमत नाही. पनीएल किंवा महनाईम नावाची पाटी शोधत बसू नका. देईर अल्लात ‘तुलुल अझ-झहब’ म्हणून विचारलं तर रस्ता सांगतात. शेवटचा टप्पा कच्चा आहे, लहान गाडी अलीकडेच ठेवून चालत जाणं बरं.

पाण्याबद्दल आधीच सांगतो. वरच्या अंगाला किंग तलाल धरण आहे आणि नदीत सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून सोडलेलं पाणी मोठ्या प्रमाणात येतं. म्हणून हे पाणी प्यायचं नाही, पायाला जखम असेल तर त्यात उतरायचंही नाही. माणशी तीन लिटर पाणी सोबत घ्या. मे ते सप्टेंबर खोऱ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे फेब्रुवारी-मार्च उत्तम. मात्र वरच्या डोंगरात पाऊस असेल तर पात्रात थांबू नका, लोंढा अचानक येतो. काठाने कण्हेर माजलेली आहे. तिची काटकी चहा ढवळायला किंवा चूल पेटवायला कधीच घेऊ नका, ती विषारी असते.

टेकडीवर उभं राहिलं की याकोबाची अडचण समोर दिसते. तो उत्तरेकडून, गिलादाच्या डोंगरातून, सासरा लाबान याच्याशी दगडांच्या राशीपाशी करार करून उतरलेला. एसाव दक्षिणेकडून, सेईरहून, म्हणजे त्याच्या अदोम मुलुखातून, चारशे माणसं घेऊन येतोय. अदोमची राजधानी बस्रा, म्हणजे आजचं बुसैरा, इथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या वर आहे. एवढ्या लांबून चारशे माणसं कोणी नुसती ख्यालीखुशाली विचारायला आणत नाही. बरं, निरोप्यांनी याकोबाला एवढंच सांगितलं की भाऊ येतोय, चारशे माणसं बरोबर आहेत. एसावाने उलट निरोप काही दिलेलाच नाही. मागे डोंगर, समोर नदी, सोबत दोन बायका, दोन दासी, अकरा मुलगे आणि दुभती जनावरं. पळायला वाटच नव्हती.

मग त्याने जे केलं त्यात मेंढपाळाचा अनुभव आणि अपराध्याची भीती दोन्ही आहेत. भेट म्हणून निवडली ती जनावरं अशी: २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० मेंढे, पिलांसह ३० दुभत्या सांडणी, ४० गाई, १० बैल, २० गाढवी, १० गाढव. पिलं सोडून ५५०. नर-मादीचं प्रमाण पाहा: शेळ्या-मेंढ्यांत दहाला एक, गाईंत चाराला एक. म्हणजे ही कापून खायची जनावरं नव्हेत, पुढे वाढणारा कळप आहे. शिवाय सगळं एकदम पाठवलं नाही. जातवार कळप केले, दोन कळपांत अंतर ठेवायला सांगितलं आणि प्रत्येक गुराख्याच्या तोंडी एकच उत्तर दिलं, ‘हे आपला दास याकोब याचं, माझे धनी एसाव यांना भेट, आणि तो स्वतः मागून येतोय.’ रागावलेल्या माणसाला हेच वाक्य लागोपाठ ऐकू यावं, प्रत्येक वेळी आणखी जनावरं दिसावीत आणि राग हळूहळू निवळावा, अशी ती योजना. खोऱ्यातल्या अरुंद वाटेवर कळपांची ही रांग किती लांबली असेल, हे इथे उभं राहून चटकन कळतं.

हिब्रूत या भेटीला आधी ‘मिन्हा’ म्हटलंय, म्हणजे नजराणा. पण प्रत्यक्ष भावासमोर याकोब म्हणतो, ‘माझा ‘ब्राखा’ घे’, म्हणजे माझा आशीर्वाद. हातांना आणि मानेला करडांची कातडी गुंडाळून, आंधळ्या बापाला फसवून जे पळवलं होतं, तोच शब्द. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. त्याने माफी मागितली असं कुठेही लिहिलेलं नाही. ज्या शब्दाची चोरी केली होती, तो शब्द त्याने परत केला.

आदल्या रात्री कुटुंबाला उतार ओलांडून दिल्यावर तो एकटा राहिला, अनोळखी पुरुषाशी पहाटेपर्यंत झुंजला, मांडीचा सांधा निखळला आणि नाव मिळालं इस्राएल. मांडीतली ती शीर यहुदी लोक आजही खात नाहीत. ती काढणं किचकट असल्यामुळे अनेक देशांत कोशर, म्हणजे यहुदी आहारनियम पाळणारे, खाटीक जनावराचा मागचा भाग विकतच नाहीत. कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणत, त्या आपल्या बेने इस्राएल यहुद्यांच्या नावाचा अर्थ ‘इस्राएलची लेकरं’. पेण, अलिबाग, रेवदंड्याच्या सिनेगॉगांमधून घेतलं जाणारं हे नाव या नदीकाठी पडलं.

सकाळी याकोब लंगडत पुढे गेला आणि सात वेळा जमिनीपर्यंत वाकला. कनानी मांडलिक राजे फारोला लिहायचे तेव्हा ‘सात वेळा आणि सात वेळा पाया पडतो’ अशीच भाषा वापरायचे. इजिप्तमधल्या अमार्ना इथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर ती वाचता येते. म्हणजे आशीर्वादाने धनी झालेला भाऊ इथे मांडलिकासारखा वाकतोय. एसाव मात्र धावत आला, गळ्यात पडला, मुका घेतला, दोघे रडले. तोरा या यहुदी धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीत ‘मुका घेतला’ या शब्दाच्या प्रत्येक अक्षरावर ठिपका असतो. जुन्या रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, त्यावर वाद घातला: एक म्हणाला मनापासून घेतला, दुसरा म्हणाला चावायला आला होता. मला पहिलं पटतं. चारशे माणसं हाताशी असताना रडण्याचं सोंग करायची एसावाला गरज नव्हती.

यानंतर देईर अल्लाचा ढिगारा, म्हणजे जुन्या वस्तीच्या अवशेषांचं टेकाड, अवश्य बघा. भेटीनंतर याकोब जिथे गेला ते सुक्कोथ म्हणजे हेच, असं पुष्कळ जण मानतात. १९६७ साली इथे बलाम या बायबलमधल्या द्रष्ट्याचं नाव असलेला गिलाव्यावरचा लेख सापडला. ढिगारा झर्काच्या उत्तरेला आहे, हे लक्षात ठेवा. एसाव म्हणाला, ‘चल, बरोबर जाऊ.’ याकोब म्हणाला, ‘पोरं कोवळी आहेत, जनावरं एक दिवस जास्त हाकली तर कळप मरेल, तुम्ही पुढे व्हा, मी सेईरला येतो.’ एसाव दक्षिणेला गेला आणि हा सुक्कोथला आला. सुक्कोथ खरोखर इथेच असेल, तर तो नदी पुन्हा ओलांडून उलट्या दिशेला आला. समेट झाला, पण चूल एक झाली नाही.

पुढचा टप्पा जॉर्डन नदीपलीकडचं हेब्रोन. सीमेवरच्या किंग हुसेन पुलावरून जाणार असाल तर इस्रायलचा व्हिसा आधी काढलेला असावा लागतो आणि परतताना त्या पुलावर जॉर्डनचा व्हिसा मिळत नाही, हे ध्यानात ठेवा. निघण्याआधी परिस्थितीची चौकशी करा. इसहाक आणि याकोब यांना जिथे पुरलं त्या मकपेलाच्या गुहेवर हेरोद राजाच्या काळातल्या प्रचंड दगडी भिंती आहेत. १९९४ साली इथल्या मशिदीत झालेल्या हत्याकांडानंतर आतली जागा मुस्लिम आणि यहुदी अशी विभागली गेली. पासपोर्ट जवळ ठेवा, शुक्रवारी मशिदीची बाजू आणि शनिवारी यहुदी बाजू पर्यटकांना बंद असते. इसहाक आणि त्याची बायको रिबका यांची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची स्मारकं मशिदीकडच्या मोठ्या दालनात आहेत, याकोब आणि त्याची बायको लेआ यांची दुसऱ्या बाजूला. एसावाची कबर म्हणून दाखवतात ती ईशान्येला, सईर गावात.

इसहाक १८० वर्षांचा होऊन वारला, तेव्हा त्याला पुरायला दोघे भाऊ आले. इसहाकाचा बाप अब्राहाम याला पुरताना मजकुरात धाकट्या इसहाकाचं नाव आधी, थोरल्या इश्माएलाचं नंतर आहे. इथे मात्र लिहिलंय, ‘एसाव आणि याकोब या त्याच्या मुलांनी त्याला पुरलं.’ नावं जन्माच्या क्रमाने आली आहेत.