‘पळताना पडला’

केसपेपरवर डॉक्टरांच्या घाईच्या इंग्रजीत एकच ओळ होती. मराठीत तिचा अर्थ: पळताना पडून इजा. मी जखमी पोराचा वकील. एक्स-रे मी दवाखान्याच्या पॅसेजमधल्या ट्यूबलाइटसमोर धरला. कोपर आणि मनगट यांच्या मधोमध अल्ना नावाचं हाड मोडलेलं, शेजारचं, अंगठ्याच्या बाजूचं रेडिअस धडधाकट.

पडणारा माणूस तळहात टेकतो. सगळा भार मनगटावर येतो आणि बहुधा रेडिअसचं खालचं टोक जातं. डोक्यावर येणारा फटका अडवायला हात आडवा धरला, तर करंगळीच्या बाजूचं हाड पुढं येतं. ते अल्ना. हाडांचे डॉक्टर अशा मोडीला नाइटस्टिक फ्रॅक्चर म्हणतात, आणि हे नाव पोलिसांच्या दंडुक्यावरूनच पडलंय. एकाच पोराच्या दोन कागदांवर दोन वेगळ्या हकिकती होत्या.

पोरगा बावीस वर्षांचा, करवीर तालुक्यातला. मोर्चा कोल्हापुरात दसरा चौकातून व्हीनस कॉर्नर, असेंब्ली रोडमार्गे जिल्हाधिकारी कार्यालयावर निघालेला. मागणी काय होती त्याचा इथं संबंध नाही. बॅरिकेड ढकलली गेली, चार-दोन दगडही आले. ते नाकारून केस उभी राहत नाही; उलट पहिल्याच उलटतपासणीत पडते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 प्रमाणे कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी जमावाला पांगायचा हुकूम देऊ शकतो. तो नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. जमाव हलला नाही तर बळ वापरता येतं. स्पीकरवरून इशारा दिला गेला होता. तिथवर माझी तक्रार नव्हती.

तक्रार त्यापुढची. पोराला लाठीचा मार बसला तो बॅरिकेडपाशी नाही, गर्दी फुटल्यावर, बाजूच्या बोळात. हा फरक फार मोठा. अनिता ठाकूर प्रकरणात 2016 साली सर्वोच्च न्यायालयापुढे हाच मुद्दा होता. आंदोलकांकडूनही आगळीक झाली होती, तरी जमाव आवाक्यात आल्यावर मार चालू ठेवणं हे जादा बळ, असं ठरवून न्यायालयाने भरपाई दिली. म्हणून मी पहिला प्रश्न ‘किती मारलं’ असा विचारत नाही. कुठं उभा होतास आणि तेव्हा गर्दी कुठं होती, हे विचारतो.

‘पळताना पडून’ ही ओळ आली कुठून? अपघात विभागात डॉक्टरांनी विचारलं, कशानं लागलं? उत्तर दिलं सोबतच्या पोलिसानं. पोरगा गप्प राहिला. डॉक्टरांपुढं रांग होती, त्यांनी ऐकलं ते लिहिलं. यात कटबिट काही नसतो बहुतेक वेळा. पण महिन्यांनी हीच ओळ सरकारी वकील मोठ्यानं वाचून दाखवतात. बऱ्याच जणांना वाटतं, पोलिसांची यादी, म्हणजे लेखी पत्र, असल्याशिवाय दवाखाना एमएलसी, म्हणजे पोलीस-प्रकरणाची वैद्यकीय नोंद, करतच नाही. तसं नाही. जखमी स्वतः जे सांगेल ते नोंदवायचं असतं, फक्त ते त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं. ‘मार बसला’ इतकंही पुरत नाही. कोणी, कशानं, किती वाजता, कुठं, हे चारही हवं. लिहिलेलं खोडायला लावू नये. खाडाखोड पुढं आपल्याच अंगावर येते. पुरवणी नोंद मागायची, वेळ आणि सहीसह.

बाहेर त्याचे वडील बसले होते. म्हणाले, “वकीलसाहेब, त्यो पडला न्हाई. पडला असता तर मांडीवर वळ कशाला उठलं असतं?”

वळ बघितले. दोन समांतर लाल रेघा, मधे फिकट पट्टा. गोल काठी जोरात बसली की मधलं रक्त दाबून बाजूला सरकतं आणि दोन्ही कडांच्या केशवाहिन्या फुटतात, म्हणून अशी रुळासारखी खूण उठते. दगडावर पडून ती उठत नाही. फोटो काढताना आधी चेहऱ्यासह पूर्ण माणूस, मग अवयव, मग जवळून आणि शेजारी फूटपट्टी. फ्लॅश बंद. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, कारण वळ एक-दोन दिवसांत निळे-जांभळे होऊन जास्त उठून दिसतात. आठवड्या-दीड आठवड्यात पिवळे पडतात आणि पुरावा अंगावरून निघून जातो.

हातात प्लास्टर घातल्यावर संध्याकाळी त्याला अटक दाखवली. दोन-तीनशे अनोळखींवर गुन्हा, त्यात भारतीय न्याय संहितेचं कलम 132, म्हणजे सरकारी नोकरावर हल्ला, अजामीनपात्र. जखमी तोच, आरोपीही तोच. लाठीमारानंतरचं हे नेहमीचंच चित्र आहे.

माझ्याकडे सकाळपर्यंतचा वेळ होता आणि तो डीव्हीआरवर, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर, घालवणं भाग होतं. बोळाच्या तोंडाला एक दुकान, आठ कॅमेरे, एक टीबीची हार्डडिस्क. अशा ठिकाणी जुनं चित्रण साधारण आठवडाभरात पुसलं जातं, कधी त्याआधीच. दुकानदार आधी नको म्हणाला. त्याला उद्याही त्याच चौकात दुकान उघडायचंय, मी त्याला दोष देत नाही. तासाभराने तयार झाला. इथं लोक हमखास एक चूक करतात. स्क्रीनसमोर मोबाइल धरून शूटिंग करतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात. त्यात चित्र दाबलं जातं, मूळ तारीख-वेळेची माहिती जाते. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, डीव्हीआरचा मेक आणि सिरियल नंबर लिहायचा, हॅश, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा, काढायचा, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63(4) चं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडायचं. त्याचा भाग अ दुकानदाराचा, भाग ब तज्ज्ञाचा. या डीव्हीआरचं घड्याळ अकरा मिनिटं पुढं होतं. मॉनिटरशेजारी मोबाइलवरची वेळ धरून फोटो घेतला. तो नसता, तर चित्रणातला मार इशाऱ्याआधीचा की नंतरचा यावरच वाद रंगला असता.

दुसऱ्या दिवशी कसबा बावड्याला कोर्टात रिमांड. आरोपीला पुढं उभं केलं की दंडाधिकारी विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? शेजारी तोच पोलिस उभा असतो, रात्र पुन्हा त्याच कोठडीत काढायची असते. पोरं ‘नाही’ म्हणतात. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाच्या नोंदीत, ‘तक्रार नाही’ असं येतं, आणि पुढची निम्मी लढाई ते दोन शब्द पुसण्यात जाते. केसपेपरपेक्षा मला या क्षणाची जास्त धास्ती असते. आदल्या रात्री भेटलो तेव्हा त्याला इतकंच सांगितलं होतं, विचारतील तेव्हा खरं सांग, आणि ऐकू जाईल असं सांग.

तो आधी खाली बघत राहिला. मग म्हणाला, “आहे.”

दंडाधिकाऱ्यांनी पोलिसांना दाराबाहेर उभं राहायला सांगितलं. सगळं ऐकलं, वळ पाहिले, रोजनाम्यात उतरवले आणि दुसऱ्या डॉक्टरकडून फेरतपासणीचा आदेश दिला. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 53 प्रमाणे जखमा आणि त्या कधीच्या असाव्यात हे डॉक्टरांनी लिहायचं असतं आणि प्रत अटकेतल्या माणसाला द्यायची असते. ही प्रत फारसं कोणी मागत नाही. आम्ही मागितली. तिच्यात ‘कठीण, बोथट वस्तूचा मार’ आलं. हाड मोडलेलं, म्हणजे न्याय संहितेच्या कलम 116 प्रमाणे जबर दुखापत.

पुढचं काम मुदतीचं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 161 मुळे कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दलचा खटला सहा महिन्यांत दाखल व्हावा लागतो. त्यापुढं दोन वर्षांपर्यंत, पण सरकारची पूर्वपरवानगी घेऊन. मानवी हक्क आयोगाची मुदत एक वर्षाची, आणि त्या वर्षाच्या भरवशावर बसलेल्यांचे सहा महिने निघून गेलेले मी पाहिलेत. ठाण्याने फिर्याद घेतली नाही. मग अधीक्षकांना लेखी अर्ज, पोचेसह, आणि मग शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे. आरोप सरकारी नोकरावर म्हणून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 175(4): आधी वरिष्ठांचा अहवाल, मग त्या पोलिसाचं म्हणणं, मग तपासाचा विचार. भरपाईसाठी उच्च न्यायालयात रिट याचिका हा वेगळा रस्ता. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच, भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या कोर्टात बसतं. त्या बेंचसाठी आम्ही काळे कोटवालेही वर्षानुवर्षं रस्त्यावर बसलो होतो.

अडलंय ते ओळख पटवण्यावर. चित्रणात हेल्मेट आहे, काठी आहे, छातीवरच्या कवचाखाली नेमप्लेट झाकलेली. बकल नंबर, म्हणजे पोलिसाचा बिल्ला क्रमांक, दिसत नाही. म्हणून कोर्टामार्फत त्या दिवसाचा बंदोबस्त आदेश मागवला, कोणत्या पॉइंटला कोण ते त्यात असतं. वायरलेसचं लॉगबुक आणि पोलिसांनी स्वतः केलेलं चित्रणही मागितलंय. आदेश आला. त्या बोळाच्या पॉइंटवर बारा नावं आहेत. चित्रणात हात उगारताना दिसणारा माणूस डावखुरा आहे.