पाचवा ठिपका

काल रात्री टॅटू आर्टिस्टनं माझ्या स्लीव्हचं, म्हणजे खांद्यापासून मनगटापर्यंतच्या टॅटूचं, फायनल स्टेन्सिल पाठवलं, मी लोळत लोळत बघितलं, अंगठा पाठवला आणि झोपले. सकाळी चहा पिताना आईला दाखवलं. तिनं चष्मा लावला, फोन लांब धरला, परत जवळ आणला, आणि म्हणाली, "छान हाय की गं. पण हे माझं नव्हं."

म्हटलं तुझ्याच हातावरच्या गोंदणाचा फोटो दिलाय. तर तिनं मनगट माझ्या कपाजवळ ठेवलं. मधे एक ठिपका, भोवती चार, आणि अंगठ्याच्या बाजूला जागा मोकळी. स्टेन्सिलमधे भोवती पाच. त्यानं बिचाऱ्यानं फूल पूर्ण करून दिलं होतं.

आठ वर्षांची असताना खरसुंडीच्या यात्रेत गोंदणारीसमोर बसवलं होतं तिला. चार झाले आणि हात हिसडून ही पळाली, बैलगाडीखाली जाऊन बसली. आजीनं धपाटे घातले पण पाचवा काही झाला नाही. हे सगळं आज कळतंय मला, वयाच्या 36 व्या वर्षी.

आणि तेच डोक्यातून जाईना. आर्टिस्टला काय माहीत, पण मला? त्या हातानं वेण्या घातल्या, घास भरवले, चापट्याही त्याच हाताच्या, आणि मी कधी मोजलंच नाही. कधीच नाही.

पप्पांचं मात्र सगळं पाठ. तिकिटाला भोक पाडायचा त्यांचा चिमटा, त्याचा उजवा दांडा कसा झिजलेला, सीट मिळाली नाही की लोक काय बोलायचे आणि हे गाडीच्या दांड्यावर चिमटा टकटक वाजवत कसे पुढं सरकायचे. 2019 ला सांगलीत आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा घरातलं निम्मं सामान गेलं, चिमटा तेवढा चिखलात सापडला. तो आता स्टेन्सिलमधे खांद्याखाली, त्यातून तिकिटांची पट्टी निघून दंडाभोवती फिरत मनगटापर्यंत. तिकिटांची भोकं म्हणजे माझीच कोरी कातडी, तिथं शाईच नाही. आणि आईचं गोंदण शाईचे ठिपके. सुटी सुटी चित्रं डकवली की हात वहीच्या मागच्या पानासारखा दिसतो, म्हणून सगळं ठिपक्या-ठिपक्यातच करायचं, ही आयडिया आर्टिस्टची, मला फार आवडली होती. कृष्णेचं पाणीपण ठिपक्यांचंच. कोपराला कमीत कमी, तिथं दुखतंही जास्त आणि टिकतही नाही.

दादाला विचारलं होतं, तो म्हणाला पैसे जास्त झालेत का. जाऊ दे.

दुपारभर स्वतःची कीव करत बसले. दोघांसाठी म्हणून करायला गेले आणि त्यातही पप्पांचा अख्खा दंड, आईला मनगटावर दोन इंच, तेही चुकीचं. शेवटी भांडी घासताना तिला हे बोलून दाखवलं तर ती हसायलाच लागली. "आगं एवढ्यासाठी तोंड पाडून बसलीस व्हय? राहू दे की पाच. मेल्यावर गोंदण तेवढं बरोबर येतं म्हणायची तुझी आजी. माझं अर्धं तर अर्धं, तुझं तरी पुरं." मग जरा थांबून, "नाहीतर काढ. मी कुठं बघत बसणार हाय रोज."

म्हणजे माझ्यावरच टाकलं परत.

आर्टिस्टला मेसेज केला, पाचवा ठिपका काढा. तो म्हणाला, "ताई, तिथं गॅप दिसेल, लोक म्हणतील मीच विसरलो." म्हटलं म्हणू देत, तुमचं नाव नाही सांगणार कुणाला. त्यानं रडका चेहरा पाठवला. पाच मिनिटांनी नवीन स्टेन्सिलही पाठवलं. ठिपका काढल्यावर फूल खरंच वेडंवाकडं दिसतंय, आईच्या हातावर इतकी वर्षं तसं का वाटलं नाही कुणास ठाऊक. तिचं आता हिरवट होऊन पसरलंय, म्हणून असेल.

शनिवारी 11 वाजता पहिली बैठक. आई म्हणते मीपण येते, तू पळालीस तर धरायला कुणीतरी पाहिजे. दुकान दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि तिचे गुडघे हे असे. बघू.