हरणीला घेऊन कृष्णाकाठानं : माहुली ते जतचा माळ

करवानी कुत्री घेऊन प्रवासाला निघालं की टोलनाक्यापासून चहाच्या टपरीपर्यंत एकच प्रश्न असतो, "आजारी हाय का हो ही? खायला घालत न्हाय व्हय?" आता काय सांगणार, या जातीच्या बरगड्या दिसायलाच पाहिजेत, छाती खोल, पोट आत, पाय लांब, तोंड निमुळतं, हे पळायला बनलेलं जनावर आहे, लॅब्राडॉरसारखं गुबगुबीत झालं तर समजायचं मालकाचं काहीतरी चुकतंय. आमची हरणी मागच्या सीटवर बसत नाही, उभी राहते आणि मान माझ्या खांद्यावर टाकते, सातारा ते कराड तिचा श्वास माझ्या कानात. एसी लावला तरी घाम येतो.

फेब्रुवारीचा शेवट होता, मावशीकडं भिलवडीला जायचं होतं, मावसभाऊ म्हणाला गळ टाकायला ये, मग पुढं जतला जाऊ, तिकडं त्याच्या दोस्ताची जमीन आहे, कुत्रीला मोकळं पळवू. मी लगेच हो म्हणालो. कारण शिकारी कुत्रं पाळायचं आणि शिकार मात्र करायची नाही, हे गणित मांडून बसलेल्या माणसाला सुट्टीत दुसरं काय पाहिजे.

निघायच्या आधी संगम माहुलीला गेलो. साताऱ्याच्या लोकांनासुद्धा बऱ्याचदा माहीत नसतं, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर राजघराण्यातल्या समाध्या आहेत आणि त्यांच्यातच एका कुत्र्याची पण समाधी आहे, छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्याची. शिकारीत वाघ अंगावर येत होता तेव्हा या कुत्र्यानं महाराजांचा जीव वाचवला असं सांगतात. साताऱ्यात राहून गेलेला इंग्रज अधिकारी ग्रँट डफ यानंही हे लिहून ठेवलंय, वर असंही की महाराजांनी कुत्र्याच्या नावानं जहागिरीची सनद काढली आणि त्याला पालखीचा मान दिला. डफसाहेबानं हा सगळा राजाचा वेडेपणा म्हणून लिहिलाय. मला काही ते पटत नाही, ज्याचा जीव वाचला त्यालाच विचारा ना. शाहू महाराज १७४९ ला गेले, म्हणजे गोष्ट पावणेतीनशे वर्षांच्याही मागची, मधे किती पूर येऊन गेले पण समाधी आहे. हरणीनं तिथं नुसतं हुंगलं आणि घाटावरच्या गावठी कुत्र्यांनी भुंकायला सुरुवात केली म्हणून निघालो. इतिहासाबद्दल तिला काही विशेष वाटल्याचं दिसलं नाही.

कराड ओलांडून ताकारीच्या पुढं आलो. उजवीडावीकडं नुसता ऊस, तोडणी चालू, रस्त्यावर ट्रॉल्या आणि बैलगाड्या. मोकळ्या कुत्र्याला घेऊन उसाच्या कडेला उतरू नका, हे मी सगळ्यांना सांगतो. कराड भागात बिबट्या आता डोंगरात कमी आणि उसात जास्त राहतो, पिल्लंसुद्धा उसातच घालतो, तोडणीच्या वेळी मजुरांना सापडतात ती. आणि बिबट्याला कुत्रं म्हणजे आयतं खाणं. जवळच सागरेश्वर अभयारण्य आहे, धों. म. मोहिते यांनी उघड्या डोंगरावर झाडं लावून उभं केलेलं, साडेदहा चौरस किलोमीटरच्या थोडं वर, आत सांबर, चितळ, काळवीट. बघण्यासारखं आहे, पण कुत्रं घेऊन जायची जागा ती नव्हे. आम्ही खालच्या रस्त्यानंच गेलो.

भिलवडीला मावशीनं कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत आणि भाकरी असं जेवण घातलं, हरणीला भाकरी ताकात कुस्करून. तिला घरात घ्यायचं का यावर थोडी चर्चा झाली. ओसरीवर तडजोड झाली.

सकाळी नदीवर. आता मुद्द्याचं सांगतो. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज, पार हरिपूरपर्यंत या नदीत मगरी आहेत. कुणाच्या सांगण्यावरून नाही, थंडीच्या दिवसात सकाळी मळीवर, म्हणजे काठाच्या गाळाच्या जमिनीवर, ऊन खात तोंड उघडं टाकून पडलेल्या दिसतात, बघायला लोक घाटावर थांबतात. फेब्रुवारी-मार्च म्हणजे त्यांचे अंडी घालायचे दिवस, काठाच्या मातीत खड्डा करून घालतात, आणि तेव्हा मादी जास्त तापट. माणसं नदीवर धुणं धुतात, म्हशी घालतात, मगर पण तिथंच राहते, वर्षानुवर्षं चाललंय, पण कधीतरी माणूसही गेलाय. पाण्याच्या कडेला वाकून पाणी पिणारं कुत्रं तर तिच्या मापाचंच. म्हणून आमचा नियम असा, बसायचं ते उंच दगडी पायरीवर नाहीतर वरच्या बांधावर, कुत्रीला दोरी, तिचं पाणी घरनं बाटलीत आणायचं, मासा काठावर साफ करायचा नाही आणि घाण पाण्यात टाकायची नाही. मावसभाऊ याच्यावर फार कडक आहे. पलीकडच्या काठाला मळीवर एक पडली होती, आधी मला ओंडका वाटला, हरणीला मात्र लगेच कळलं, कान टवकारून बघत राहिली, भुंकली नाही. करवानी नाकापेक्षा डोळ्यावर चालतं, लांबचं हललेलं पहिलं त्याला दिसतं.

गळाचं सामान एकदम साधं. बांबूची काठी, तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, थर्माकोलचा तरंग, शिशाचा तुकडा. रोहू-मृगळाला कणकेत शेंगदाण्याची पेंड कालवून गोळी करायची, गोळी इतकी घट्ट पाहिजे की पाण्यात विरघळायला वेळ लागावा आणि इतकी मऊ की माशानं ओढली तर गळ मोकळा व्हावा. हे हाताला कळतं, सांगून येत नाही. वामीला गांडूळ, ती दगडाच्या कपारीत असते, धरली की तंगूसाला वेटोळे घालून सगळा गुंता करून ठेवते. मरळ खायचीय तर जिवंत बारका मासा नाहीतर बेडूक, आणि शांत पाणी, वेलीच्या कडेला. मरळ हवेतनं पण श्वास घेते, अधनंमधनं वर येऊन बुडबुडा सोडते, तो बुडबुडा बघतच बसायचं. बादलीत ओलं फडकं घालून ठेवली तरी कितीतरी वेळ जिवंत राहते. पिल्लं असताना नर-मादी दोघं राखण करतात, लालसर पिल्लांचा झुबका पाण्यावर दिसला तर गळ टाकायचा नाही असं मावसभाऊ म्हणतो, कारण मोठी उचलली की झुबका दुसऱ्या माशांनी खाल्लाच. इथले भोई पण हेच सांगतात.

त्या दिवशी पहिली आली चिलापी, मग चिलापी, मग परत चिलापी. हा परदेशी मासा सगळीकडं पसरलाय, गळाला कधी पण लागतो. मग शिंगटा लागला. हा मासा दिसायला भारी, मिशा लांब, अंगाला खवलं नाहीत, हाताला बुळबुळीत. पण पाठीवरच्या आणि बाजूच्या दोन्ही परांना करवतीसारखे काटे असतात, घाबरला की ते ताठ उभे करतो आणि अडकवून टाकतो, मग खाली बसत नाहीत. काटा बोटात गेला तर संध्याकाळपर्यंत ठणका. मावसभावानं त्याला पायरीवर ओल्या पोत्यानं दाबला, अंगठा आणि मधलं बोट बाजूच्या काट्यांच्या मागनं घालून मुठीत घेतला, म्हणजे काटे पुढं आणि हात मागं, मग पकडीनं गळ उलटा फिरवून काढला. शिंगटा कुरकुर असा आवाज करत होता. हरणीनं नाक पुढं केलं तेव्हा मी तिला मागं ओढली, कुत्र्याच्या नाकात हा काटा गेला तर डॉक्टरशिवाय गत नाही. फेकलेला गळ पण तसाच, आमिषाच्या वासानं कुत्रं गिळतं, त्यामुळं वापरलेले गळ डब्यातच.

नदीबद्दल एक बोलायचंय. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ याच कृष्णेत माशांचा खच पडला होता, पाण्यावर पांढरी पोटंच पोटं, लोक पोती भरून नेत होते. काठावर बसलेला प्रत्येक म्हातारा तुम्हाला आधी कुठले कुठले मासे मिळायचे त्याची यादी सांगतो. यादीतले निम्मे मासे मी बघितले पण नाहीत.

दुपारी पलूसच्या बाजूला एका रिकाम्या रानात मेंढरं बसवली होती, धनगराचा वाडा, म्हणजे त्यांचा फिरता तळ. आटपाडी, जत, माण भागातले धनगर दिवाळीच्या आगं-मागं मेंढरं घेऊन खाली नदीकाठाकडं सरकतात, पावसाला परत वर जातात. रानात मेंढरं बसवली की लेंडीखत मिळतं, शेतकरी त्याचे धान्य नाहीतर पैसे देतो. लांबनंच त्यांची दोन कुत्री उठली, गाडीतनं हरणी गुरगुरायला लागली. मी एकटाच उतरलो. म्हातारे धनगर मामा कुत्र्यांना एक हाक मारून म्हणाले, "या पावनं, काय करत न्हाईत." (कुणाचं कुत्रं कधी काय करत नसतं.)

त्या कुत्र्यांच्या गळ्यातला पट्टा मी हातात घेऊन बघितला. जाड चामड्याचा, दोन पदरी, मधनं खिळे ठोकून बाहेरच्या अंगाला टोकं काढलेली, आतनं खिळ्यांच्या डोक्यावर गोणपाट शिवलेलं म्हणजे मानेला घासू नये. लांडगा असो नाहीतर बिबट्या, पहिला दात नरड्यालाच घालतो, तो या खिळ्यावर बसतो. मामा म्हणाले, "आमच्या तिकडं माळावर लांडग्याचं भ्या, हितं उसातल्या वाघाचं. कुतरं राखतंय म्हणून आमी झोपतो." बिबट्याला इथं वाघच म्हणतात. हरणीकडं बघून त्यांनी विचारलं, "आन ही काय करती?" मी म्हटलं, पळते. "पळती, आन मग?" याच्यावर काय बोलावं सुचेना. मग त्यांनीच विषय बदलून चहा टाकायला सांगितला, शेळीच्या दुधाचा, गुळाचा.

तासगावला सीझन जोरात, बेदाण्याच्या शेडमधे जाळ्यांवर द्राक्षं वाळत घातलेली, सगळीकडं आंबटगोड वास. मावसभावाच्या ओळखीचे शेडवाले काका मूठभर बेदाणे घेऊन सरळ हरणीच्या तोंडापाशी आले. त्यांचा हात मी मधेच धरला, त्यांना ते थोडं लागलं पण असेल, पण द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विष आहे, मूत्रपिंडं निकामी होतात, किती खाल्ल्यावर होईल त्याचा नेम नाही, एखाद्याला थोड्यातच होतं. द्राक्षाच्या तालुक्यात हे कुणाला सांगितलं तर हसतात. काका पण हसले, पण बेदाणे मलाच खायला दिले.

जतच्या बाजूला लागलं की आभाळ मोठं होतं. म्हैसाळ योजनेचं पाणी आल्यापासून इथं पण द्राक्षं, ऊस, डाळिंब दिसतंय, तरी अजून माळ आहे, कुसळी गवत, बाभळ, खडक. हरणीसारखी कुत्री या पट्ट्यातली, इथून मंगळवेढा, खाली कर्नाटकात मुधोळ, तिकडं घोरपडे संस्थानिकांनी ही जात जपली म्हणून मुधोळ हाउंड नाव पडलं, २००५ मध्ये पोस्टाचं तिकीट पण निघालं त्याच्यावर.

माळावर दोस्ताच्या शेताकडं चालत निघालो, हरणी दोरीला, आणि पायाजवळच्या झुडपातनं ससा उठला. तिचं सगळं अंग एकदम ताठ झालं, आवाज नाही काही नाही, आणि पुढच्या क्षणाला माझा खांदा निखळतो की काय असं झालं. दोस्ताच्या गावातला एकजण बरोबर होता तो म्हणाला, "सोडा की राव, बघू तरी कसं पळतंय." हे वाक्य मला सगळीकडं ऐकायला मिळतं. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि पुढं शिकार बंदच झाली, आणि बंदूक नसली म्हणजे शिकार नाही असं नाही, कुत्र्यानं पाठलाग करवणं पण कायद्यात शिकारच धरलंय. आणि कायदा बाजूला ठेवा, या माळावर ससे, खोकडं, लांडगे आधीच किती राहिलेत. आमच्या कुत्र्यांच्या अंगावरनं रेबीज, डिस्टेंपर त्यांच्यात जातो ते वेगळंच, म्हणून माळावर न्यायच्या आधी लस झालेली पाहिजे. ससा तोवर दिसेनासा झाला. हरणी पुढं बराच वेळ थरथरत होती. मला वाईट वाटलं ते खरं सांगतो, तिचा तो जन्माचा धंदा आहे आणि मी दोरी धरून उभा.

शेताच्या कडेला बसून तिच्या बोटांमधली कुसळं काढली. हे रोज करायला लागतं या दिवसात, कुसळ टोकानं आत शिरतं आणि मागं येत नाही, राहिलं तर पू होतो. बोटं एकेक फाकवून बघायची, मग कानात गोचीड. ती पंजा ओढत होती, लक्ष सगळं माळावर.

मग खरं काम. दोस्ताच्या नांगरून सपाट केलेल्या रानात, चारी बाजूला बांध आणि काटेरी कुंपण, मावसभावानं मोटारसायकलच्या मागं लांब कासरा बांधला, कासऱ्याच्या टोकाला पोतं गुंडाळून त्याचा ससा केला आणि गाडी सोडली. मी पट्टा काढला. पहिल्या वळणाला हरणी मागं होती, दुसऱ्याला पोत्याच्या बरोबर, मग मावसभाऊ ओरडायला लागला कारण ती पोतं सोडून गाडीच्या पुढं गेली, वळली आणि समोरनं पोत्यावर पडली. पोतं दाताला धरून इतकं झाडलं की कासरा सुटला आणि ती पोतं घेऊन बांधाकडं पळाली, आम्ही दोघं मागं, मघाचा गावातला माणूस हसून हसून खाली बसलेला. चिंध्या गोळा करताना बघितलं, मावशीचं शेंगा भरायचं नवं पोतं होतं ते, मावसभावानं न विचारता उचललेलं. भिलवडीला परत गेल्यावर मावशी त्याला जे बोलली ते इथं टाईप करण्यासारखं नाही.