डॉक्टर मॅचला गेलेत

अंगात कणकण होती म्हणून दुपारी दवाखान्यात गेलो, तर शटर खाली. शेजारच्या मेडिकलवाल्याने आपणहून सांगितलं, ‘उद्या या. डॉक्टर मॅचला गेलेत. बघायला नाही, खेळायला.’ चिडायला हवं होतं. पण माझं एक जुनं खूळ आहे. औषधांपलीकडे कसलाच नाद नसलेला डॉक्टर मला चालत नाही.

याला कारण आमच्या गल्लीतले डॉक्टर. टेस्ट मॅच असली की टेबलावर ट्रान्झिस्टर आणि त्यात बाळ ज. पंडितांची कॉमेंट्री. एकदा मला म्हणाले, ‘मोठा श्वास घे,’ आणि नेमकी तेवढ्यात विकेट पडली. ‘सोड’ म्हणायचं राहूनच गेलं. मी गाल फुगवून बसलेला, कंपाउंडर लाल मिक्स्चरच्या बाटलीवर कातरलेली कागदाची पट्टी चिकटवता चिकटवता थांबलेला, आणि डॉक्टर आउट कोण झालं त्याचा विचार करताहेत. खोकला मात्र बरा झाला.

या जातीचा मूळ पुरुष म्हणजे इंग्लंडचा क्रिकेटपटू डब्ल्यू. जी., म्हणजे विल्यम, ग्रेस. छातीवर रुळणारी दाढी, अवाढव्य देह. ब्रिस्टलजवळच्या डाउनएंडचा. वडील डॉक्टर, भाऊही डॉक्टर. हा १८६८ मध्ये मेडिकलला गेला आणि १८७९ मध्ये पास झाला. आमच्याकडे अकरा वर्षांत केटी लागून लागून पोरगा घरचा धंदा बघायला लागला असता. पण याच्या मधल्या काळातल्या हजेरीचं काय विचारता? १८७६ च्या ऑगस्टमध्ये आठवड्याभरात ३४४, १७७ आणि नाबाद ३१८ धावा!

पुढे ब्रिस्टलच्या गरीब वस्तीत त्याने दवाखाना थाटला. उन्हाळाभर तो मैदानावर आणि पेशंटांसमोर बदली डॉक्टर, ज्याचा पगार ग्लॉस्टरशायर क्लब भरायचा. कागदोपत्री गडी हौशी. खेळाचे पैसे घेणं हौशी माणसाला कमीपणाचं, म्हणून १८७३-७४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याचे त्याने १,५०० पौंड घेतले. बरोबरच्या पगारी खेळाडूंना १७०. यावर मी काही बोलत नाही.

आपली मुंबईही त्याच्या तावडीत सापडली होती. १८८६ मध्ये पारशी संघ लॉर्ड्सवर उतरला आणि पहिल्या डावात २३ धावांत गारद झाला. त्यातले सात बळी या डॉक्टरचे. पुढे पारशांनीही मेहेलाशा पावरी नावाचा बॉलर काढला, ज्याने १८८८ च्या इंग्लंड दौऱ्यात खोऱ्याने विकेट काढल्या. तोही डॉक्टरच.

ग्रेसच्या हातचा पेशंट व्हायला मला आवडलं असतं का? १८८७ ची गोष्ट. ओल्ड ट्रॅफर्डवर क्रूम नावाचा त्याचा सहकारी चेंडू अडवायला धावला, तो थेट कुंपणावर. लोखंडी सुळका गळ्यात घुसला. ग्रेसने जखमेच्या दोन्ही कडा बोटांनी मिटून धरल्या आणि टाके घालायला सुई येईपर्यंत जवळजवळ अर्धा तास हात हलू दिला नाही. दिवसभर बॅट हाणणारी ती बोटं. क्रूम वाचला, पुढे कितीतरी वर्षं जगला.

तर उत्तर हो. फक्त डॉक्टर तेव्हा त्याच मैदानात हवेत.

१८८० मध्ये ओव्हलवरच्या कसोटीत तिघे ग्रेस बंधू एकत्र खेळले. विल्यमने १५२ धावा केल्या. धाकटा फ्रेड दोन्ही डावांत शून्यावर गेला, पण ऑस्ट्रेलियाच्या बॉनरचा आकाशात गेलेला झेल त्याने घेतला. तोही डॉक्टरकी शिकत होता. दोन आठवड्यांनी छातीच्या दुखण्याने गेला, २९ व्या वर्षी. १८९९ मध्ये विल्यमची मुलगी बेसी टायफॉइडने गेली आणि १९०५ मध्ये थोरला मुलगा अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर. घरात इतके डॉक्टर होते.