आमची वाटचाल : गेट-ग्रिलपासून 1जी टेस्टपर्यंत

भोसरीत भाड्याच्या शेडमधे रॉडच्या मशीनवर सुरुवात केली आम्ही, गेट, ग्रिल, जिने असली कामं. पुढे सीओटू मशीन घेतलं, म्हणजे मिग, त्यात वायर आपोआप पुढे येते आणि वेल्डभोवती गॅस सुटतो, काम भराभर निघायला लागलं, आणि मग एका प्रेशर व्हेसलवाल्या (दाबाखालच्या टाक्या बनवणाऱ्या) कंपनीची चौकशी आली, त्यांचा पहिलाच प्रश्न, तुमचे वेल्डर एएसएमई सेक्शन 9 प्रमाणे, म्हणजे वेल्डिंगच्या अमेरिकन कोडप्रमाणे टेस्ट देऊन, क्वालिफाइड आहेत का? तिथून आमच्या शेडचं वळणच बदललं.

त्यातली एक टेस्ट 1जी, म्हणजे दोन प्लेटी सपाट टेबलावर ठेवून वरून जोडायच्या, सगळ्यांना वाटतं सोप्पं आहे. पण मिगला वरून बीड (वेल्डची रेघ) चकाचक दिसतो आणि आत बाजूची भिंत पकडलेलीच नसते. शॉर्ट सर्किट मोडमधे, म्हणजे कमी व्होल्टवर वायर प्लेटला टेकत टेकत वितळते तसं, केलं असेल तर सेक्शन 9 मधे वेल्डरला एक्सरेवर पास करताच येत नाही, बेंडच द्यावा लागतो. वेल्ड केलेल्या प्लेटमधून पट्ट्या कापायच्या, एक पट्टी फेस बेंड (वेल्डची वरची बाजू ताणली जाते), एक रूट बेंड (तळाची बाजू), यू आकारात वाकवली की लपलेलं सगळं बाहेर येतं, 3 मिमीच्या वर फट उघडली की फेल.

म्हणून आमच्याकडे नवीन पोराच्या हातात आधी ग्राइंडर देतो, टॉर्च नंतर. 10 मिमीच्या दोन प्लेटी, दोन्हींच्या जोडायच्या कडेला 30 अंश बेव्हल (उतार), कडेपासून इंचभर काळा स्केल (पापुद्रा) काढून लख्ख करायचं, दोन प्लेटींमधे गॅप 3 मिमी आणि जिथे संपवायचं त्या टोकाला किंचित जास्त कारण वेल्ड पुढे जाईल तसा गॅप आवळत जातो. टॅकची (प्लेटी जागेवर धरायच्या छोट्या वेल्डची) टोकं घासून उतरती करायची. रूटला, म्हणजे तळाच्या पहिल्या थराला, साधारण 18-19 व्होल्ट, वायर 12-15 मिमी बाहेर, आणि आर्क कायम वितळलेल्या लोखंडाच्या पुढच्या काठावर, तो मागे राहिला की लोखंड पुढे पळतं आणि थंड प्लेटवर नुसतं बसतं, हे एवढं एक जमलं ना की अर्धी टेस्ट झाली बघा. जिथे थांबलो तो खड्डा घासल्याशिवाय परत सुरू करायचं नाही. पंखा बंद, उन्हाळ्यातसुद्धा, वाऱ्याने गॅस उडाला की भोकं पडलीच.

पट्टी कापल्यावरही काम असतं, कडा थोड्या गोल करायच्या आणि ग्राइंडरचे ओरखडे लांबीच्या दिशेनेच ठेवायचे, आडवा ओरखडा राहिला की चांगलं वेल्ड तिथूनच चिरतं.

आता कोणी कधी मिग केलं याचं रजिस्टर ठेवतो, कारण 6 महिने त्या प्रोसेसवर हात चालला नाही तर क्वालिफिकेशन संपतं. आणि 1जी वर ग्रूव्हला (अशा खाचेतल्या वेल्डला) सपाटच काम चालतं, उभ्या जॉइंटच्या ऑर्डरी घ्यायच्या तर 3जी, म्हणजे उभ्या प्लेटची टेस्ट, लागणार, त्याची कूपनं (टेस्टचे तुकडे) सध्या रोज संध्याकाळी शेडमधे चालू आहेत.